निकाल आधी, पेपर नंतर!

अमेरिकेतल्या एनएफएल या फुटबॉल लीगचा दर एप्रिलमध्ये 'ड्राफ्ट' होतो. संघ आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात. एकही मॅच झालेली नसते, तरी तज्ज्ञ मंडळी लगेच प्रत्येक संघाच्या निवडीला ग्रेड देऊन मोकळी! मग चाहत्यांची जुंपते. 'ए' मिळाला तर तज्ज्ञ देवमाणूस, 'डी' मिळाला तर "त्याला काय कळतंय?"

२०१२ मध्ये सिअॅटल सीहॉक्सला तर चक्क 'एफ'ही मिळाला. त्याच निवडीतले बॉबी वॅग्नर आणि रसेल विल्सन घेऊन हा संघ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुपर बोल ४३-८ असा जिंकला. टॉम ब्रेडी २००० साली १९९ वा निवडला गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले.

चाहत्यांनी खुशाल भांडावं, मजाच आहे ती. पण माझ्या मते खरी ग्रेड तीन वर्षांनी द्यावी, आणि तेव्हा तज्ज्ञांचाही पेपर तपासावा.

माझाही तपासा. फर्स्ट इयरला रूम पार्टनरला केटी लागली, तेव्हा "हा गेला कामातून" असं मीच म्हणालो होतो. आज परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्याकडूनच शिकतो.