जन्मतारखेचे साक्षीदार

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू झाला, की अनेक घरांतील संध्याकाळचा क्रम बदलतो. नातू कबड्डीच्या सरावाहून धुळीने माखून येतो, नातीला खो-खोच्या सरावामुळे उशीर होतो. आईवडील कामावरून परतेपर्यंत मुलांचा पहिला संवाद होतो तो आजी-आजोबांशी. खेळाडूच्या आहाराची चौकशी आपण हौसेने करतो. त्याच्या वर्तनाची जबाबदारी मात्र क्रीडाशिक्षकांवर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः सचोटीची पहिली कसोटी मैदानावर लागतच नाही. ती लागते वयाच्या दाखल्यावर.

आपल्याकडील शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. मर्यादा थोडक्यात ओलांडलेल्या मुलाचे वय कागदोपत्री वर्ष-दीड वर्षाने कमी दाखवण्याचा मोह काही पालकांना होतो. ‘पोराचे भले होत असेल, तर बिघडले कुठे?’ असे समर्थनही केले जाते. अशा वेळी खरी जन्मतारीख जाणणारी आजी बहुधा घरातच असते. त्या रात्री पाऊस किती होता, दवाखान्यात सोबतीला कोण होते, हेदेखील तिला आठवते. तिने केवळ गप्प राहावे, एवढीच इतरांची अपेक्षा असते.

या मौनाची किंमत प्रथम दुसऱ्याच कुणाचे तरी मूल मोजते. किशोरवयात दोन वर्षांच्या अंतराने वजनात आणि ताकदीत मोठी तफावत पडते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा भाग असतो. तो पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. पकडीच्या झटापटीत थोराड मुलाचा भार लहानग्याच्या मनगटावर वा गुडघ्यावर आला, तर तेथील इजेचा परिणाम पुढील वाढीवरही होऊ शकतो. शिवाय खरे वय सांगणारा एखादा गुणी मुलगा संघाबाहेर राहतो, तो वेगळाच.

ज्याच्यासाठी हे केले, त्याचाही लाभ होत नाही. समवयस्कांशी गाठ पडली, की उसने श्रेष्ठत्व ओसरते. क्रिकेटमध्ये तर मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून वय पडताळले जाते. राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात या वयचोरीवर कठोर टीका केली होती. आपल्या माणसांनीच खोटे बोलायला शिकवले, ही जाणीव मुलाच्या मनात दीर्घकाळ राहते. असा मुलगा पुढे पंचांची नजर चुकवू लागला, तर त्याला कोणत्या तोंडाने बोलावे?

ज्येष्ठ वाचकांना १९८० मधील मुंबईचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना आठवत असेल. पंचांनी झेलबाद ठरवलेल्या बॉब टेलरला भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी परत बोलावले, कारण चेंडू बॅटला लागला नव्हता, अशी त्यांची खात्री होती. त्यानंतर टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने १० गडी राखून विजय मिळवला. विश्वनाथ यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्यात त्या पराभवाचाही वाटा आहे. ही हकीकत नातवंडांना अवश्य सांगावी.

घरातील वडीलधाऱ्यांना आणखीही काही करता येईल. दाखल्याचा विषय निघाला, तर मुलासमोर वाद न घालता मुलगा व सून यांना बाजूस घेऊन शांतपणे, पण स्पष्ट नकार द्यावा. वरच्या गटात खेळून एखादे वर्ष संघात स्थान मिळाले नाही, तरी सराव वाया जात नाही, हे त्यांना पटवावे. दूरदर्शनवरील सामना पाहताना पंचांना दूषणे देणे टाळावे. मुले ऐकत असतात. आणि संध्याकाळी नातू घरी आला, की ‘जिंकलास का?’ या प्रश्नाआधी ‘आज समोरचा संघ कसा खेळला?’ असे विचारावे. प्रतिस्पर्ध्याचे चांगले गुण मोकळेपणाने सांगणारे मूल पराभवही पचवू शकते. ‘चढाईपटूचे बोट मला लागले होते, पंचांना दिसले नव्हते, तरी मी आपणहून बाहेर गेलो,’ असे एखाद्या दिवशी त्याने सांगितले, तर गुण गेल्याची हळहळ न करता त्याच्या पाठीवरून हात फिरवावा.