स्कॅनचे यंत्र आले, तारेचे काय?

सरकारी रुग्णालयात नवे सीटी स्कॅन यंत्र येते तेव्हा फीत कापली जाते, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते. यंत्र काही कोटींचे असते, तेव्हा एवढे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या यंत्रातून निघालेली प्रतिमा रेडिओलॉजिस्टच्या पडद्यापर्यंत ज्या काचेच्या तंतूंतून जाते, त्यांच्याकडे ते भिंतीत गाडल्यानंतर कोणी फिरकत नाही. माझे मत असे की या तंतूंना, आणि विशेषतः त्यांच्या टोकांवरच्या जोडण्यांना, रुग्णालयाने वैद्यकीय उपकरण मानावे. त्यांची तपासणी, स्वच्छता आणि नोंद स्कॅनच्या यंत्राइतक्याच शिस्तीने व्हावी.

हा विषय इंजिनीअरचा, त्यात डॉक्टरने का पडावे? कारण पक्षाघाताचा रुग्ण. रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येते. मात्र त्याआधी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, हे स्कॅनवर पाहावेच लागते. जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, उपचार न मिळालेल्या अशा रुग्णाच्या मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात. आपल्याकडे त्या साडेचार तासांतला बराचसा वेळ गाव ते रुग्णालय या रस्त्यातच संपतो. उरलेली मिनिटे ‘इमेज लोड होतेय’ असे म्हणत पडद्याकडे बघण्यात जाऊ लागली, तर तो उपचारातलाच दोष झाला.

थोडे गणित करू. सीटीचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, साधारण अर्धा एमबी. हजार कापांचा अभ्यास ५०० एमबीचा. सेकंदाला १०० मेगाबिटची जुनी जोडणी असेल तर सारे सुरळीत असतानाही त्याला ४० सेकंद लागतात; एक गिगाबिटवर ४ सेकंद. एका यंत्रासाठी एवढे पुरे. पण सीटी, एमआरआय, डिजिटल एक्स-रे आणि आता पॅथॉलॉजीच्या स्कॅन केलेल्या काचपट्ट्या (यातली एकेक गिगाबाइटच्या घरात जाते) सगळ्या एकाच साठवण-सर्व्हरकडे धावतात. म्हणून मोठ्या रुग्णालयाच्या सर्व्हर रूममध्ये ४० किंवा १०० गिगाबिटचे मार्ग टाकले जातात, आणि तिथे बहुतंतू जोडणी येते. तिला एमपीओ म्हणतात.

नेहमीच्या जोडणीत दोन तंतू असतात, एक पाठवणारा आणि एक घेणारा. एमपीओच्या नखाएवढ्या तोंडात १२ तंतू एका ओळीत, एकमेकांपासून पाव मिलिमीटर अंतरावर बसवलेले असतात. आठ, सोळा आणि चोवीस तंतूंचेही प्रकार आहेत. १०० गिगाबिटच्या एका प्रचलित पद्धतीत बारांपैकी चार तंतू प्रत्येकी २५ गिगाबिट पाठवतात, चार तेवढेच घेतात आणि मधले चार रिकामे राहतात. माहिती चारही तंतूंवर वाटून जात असल्याने एक तंतू अधू झाला की सगळी जोडणी आजारी पडते.

आमच्या व्यवसायाला हा तंतू परका नाही, हे जाता जाता सांगायला हवे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचा प्रयोग १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. तीन वर्षांनी बॅसिल हर्शोविट्झ यांनी त्याच तत्त्वावरचा लवचीक गॅस्ट्रोस्कोप वापरून दाखवला. दूरसंचारासाठी काच पुरेशी शुद्ध करता येईल हे चार्ल्स काओ यांनी सांगितले ते १९६६ मध्ये. म्हणजे तंतूने आधी जठर पाहिले आणि टेलिफोन नंतर ऐकला! एंडोस्कोप मात्र आम्ही प्रत्येक रुग्णानंतर धुतो, निर्जंतुक करतो, वहीत नोंदवतो. भिंतीतल्या तंतूच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

आणि खरा शत्रू धूळच आहे. लांब अंतरासाठी जो एकपथी तंतू वापरतात, त्याचा प्रकाश वाहणारा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो. आपली तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉनची. रक्तपेशीएवढा कण गाभ्यावर बसला की प्रकाशाची वाट जवळपास बंद झाली. इमारतीच्या आत बहुधा ५० मायक्रॉन गाभ्याचा बहुपथी तंतू असतो, तो थोडे अधिक सहन करतो. पण बारा तंतूंच्या तोंडात आणखी एक अडचण आहे. कण कोणत्याही तंतूवर न बसता शेजारी बसला, तरी समोरासमोरची दोन्ही तोंडे नीट टेकत नाहीत आणि मध्ये राहिलेल्या हवेच्या फटीचा त्रास शेजारच्या तंतूंना होतो. तसेच दाबून बसवले तर कण काचेत रुतून कायमचा खड्डा पाडतो.

प्रकाशाचे बजेटही तुटपुंजे असते. वर सांगितलेल्या १०० गिगाबिटच्या पद्धतीत १०० मीटरच्या मार्गावर एकूण १.९ डेसिबल घट चालते, त्यातली १.५ डेसिबल जोडण्यांसाठी धरलेली. सोप्या भाषेत, वाटेत सुमारे ३५ टक्के प्रकाश हरवला तरी निभावते, त्यापुढे नाही. एका मळक्या तोंडाने हे बजेट संपू शकते. शिवाय बिघाड सरळसोट नसतो. जोडणी कधी चालते, कधी चुका करते, पुन्हा पुन्हा पाठवते. तपासणीला आल्यावर नेमके न दुखणाऱ्या छातीसारखे हे दुखणे. माझ्या पाहण्यातल्या एका रुग्णालयात प्रतिमा अधूनमधून अडकत होत्या. ठपका सर्व्हरवर आला, नव्या सर्व्हरची दरपत्रके मागवली गेली. शेवटी कोणीतरी सूक्ष्मदर्शक घेऊन आले, तोंडे साफ केली आणि फाइल बंद झाली.

शर्टाला पुसणे किंवा तोंडाने फुंकणे म्हणजे स्वच्छता नव्हे. फुंकरीने वाफ आणि थुंकीचे कण काचेवर बसतात. एमपीओसाठी पेनासारखे क्लीनर मिळतात. दाबले की कोरडी फीत तोंडावरून सरकते. आधी सूक्ष्मदर्शकाने पाहायचे, मग पुसायचे, पुन्हा पाहायचे, मगच जोडायचे. नव्या पाकिटातल्या केबललाही हाच नियम, कारण टोपणातूनही धूळ येते. तोंडाच्या तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे, तेव्हा ‘साफ आहे’ हे कोणाच्या मतावर सोडण्याची गरज नाही. आपल्या रुग्णालयांत वर्षभर कुठेतरी फरशी कापली जात असते किंवा भिंत फोडली जात असते. तिथे तर हे फारच जपायला हवे.

दुसरा घोळ उलटसुलट जोडणीचा, म्हणजे पोलॅरिटीचा. एका टोकाचा पाठवणारा तंतू दुसऱ्या टोकाच्या घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. त्यासाठी वाटेत अदलाबदल करावी लागते. ए प्रकारच्या केबलमध्ये पहिला तंतू पहिल्याच जागी निघतो, बी प्रकारात पहिला बाराव्या जागी. सी प्रकारात शेजारच्या जोड्या उलटतात, तो चार-चार तंतूंच्या समांतर मार्गाला सोयीचा नाही. मेंदूतून निघणारे हालचालींचे बहुतेक चेतातंतू लंबमज्जेत एकदा बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूचा झटका उजवा हात लुळा पाडतो. दोनदा बाजू बदलली असती तर ते परत मूळ बाजूला आले असते. केबलचेही तसेच आहे. पूर्ण मार्गात बी प्रकारचे तुकडे विषम संख्येने हवेत. रात्री दुरुस्तीला आलेल्या माणसाने हाती लागली ती एक बी केबल जास्त जोडली, तर दिवा लागत नाही. माझ्या मते एका रुग्णालयाने एकच पद्धत ठरवावी, शक्यतो सगळीकडे बी, आणि तिची आकृती सर्व्हर रूमच्या भिंतीवर लावावी.

पिनांचेही एक आहे. जोडणीच्या एका बाजूला दोन बारीक पिना हव्यात आणि समोर छिद्रे. स्विचमधल्या मॉड्यूलला पिना असतातच, म्हणून त्यात जाणारी केबल बिनपिनांची लागते. दोन बिनपिनांची तोंडे जोडपट्टीत ‘टक्’ करून बसतात, पण तंतू समोरासमोर येत नाहीत.

मग सगळ्या रुग्णालयांनी हे घ्यावे का? नाही. दोनशे खाटांच्या जिल्हा रुग्णालयाला दोन तंतूंची १० गिगाबिटची जोडणी भरपूर झाली. ४०० गिगाबिटचे स्वप्न विकायला येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. पण राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये उभी राहत आहेत आणि भिंती एकदाच फोडल्या जातात. तिथे बारा तंतूंची मुख्य केबल टाकणे शहाणपणाचे. आज ती एका डबीतून सहा जोड्यांत विभागून वापरता येते, पुढे गरज पडली तर तीच समांतर मार्गाला लावता येते.

आडवी येते ती कंत्राटांची रचना. स्कॅनच्या देखभालीचा करार एकाकडे, सर्व्हरचा दुसऱ्याकडे. नळी-पट्टी टाकणारा तिसराच आणि तो बिल घेऊन गेलेला. मधली केबल कोणाचीच नसते. निविदेतच लिहावे, की प्रत्येक तंतूची घट दोन्ही दिशांनी मोजून अहवाल द्यायचा, प्रत्येक तोंडाचा सूक्ष्मदर्शकातला फोटो जोडायचा, पोलॅरिटीची आकृती द्यायची आणि क्लीनर रुग्णालयाकडे ठेवायचा. बाराच्या बारा तंतूंचा अहवाल आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. स्कॅनच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

जोडणी हाताळणाऱ्यांना डॉक्टर म्हणून एक सूचना. चालू तंतूच्या टोकात डोळा लावून ‘लाइट येतोय का’ पाहू नका. हा प्रकाश अवरक्त, डोळ्याला न दिसणारा. त्यामुळे पापणी मिटत नाही, बाहुली आकुंचत नाही. आणि ८५० नॅनोमीटरचा किरण थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. तपासायला पॉवर मीटर वापरा.

आणि निवासी डॉक्टरांनी पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णामागे दोन वेळा लिहून ठेवाव्यात, स्कॅन संपल्याची आणि पडद्यावर शेवटचा काप दिसल्याची. महिनाभराच्या अशा नोंदी हातात असल्या की केबलची तक्रार घेऊन अधीक्षकांकडे जाताना ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगावे लागत नाही.