संशोधन हे बक्षीस नव्हे, विद्यार्थ्याचा हक्क आहे

शाळेत शिकणारा विद्यार्थी स्वतंत्र वैज्ञानिक संशोधन करू शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर बाजाराने केव्हाच देऊन टाकले आहे. ते असे: करू शकतो, बापाच्या खिशात पैसे असतील तर.

ही अतिशयोक्ती नव्हे. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांचे दरवाजे ठोठावणाऱ्या श्रीमंत कुटुंबांसाठी तेथे गेल्या काही वर्षांत एक नवा धंदा उभा राहिला आहे. काही हजार डॉलर मोजावेत. मग कोणी संशोधक वा प्राध्यापक आपल्या चिरंजीवांना इंटरनेटवरून काही आठवडे मार्गदर्शन करील, विषय सुचवील, निबंध सुधारून देईल आणि तो कोठेतरी छापून येईल अशी वाटही दाखवील. मे २०२३ मध्ये 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या अमेरिकन संस्थेने या धंद्याची लक्तरे वेशीवर टांगली. प्रवेश-अर्जावर 'प्रसिद्ध संशोधक' अशी एक ओळ वाढावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप असतो. आपल्या महानगरांतील धनिक पालकही या धंद्याचे गिऱ्हाईक आहेत.

याचा दोष आम्ही त्या मुलांना देत नाही. त्यांच्यातील अनेकांची बुद्धी आणि मेहनत खरी आहे. दोष आहे तो जिज्ञासेला विक्रीचा माल बनवणाऱ्या व्यवस्थेचा. अमेरिकेत शाळकरी संशोधकांची राष्ट्रीय स्पर्धा १९४२ पासून चालते. तिचा आश्रयदाता प्रथम वेस्टिंगहाऊस होता, १९९८ पासून इंटेल आणि २०१७ पासून रिजेनेरॉन ही औषध कंपनी आहे. पहिले बक्षीस अडीच लाख डॉलरचे असते. या स्पर्धेतून पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरीही निघाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रश्न निघालेल्यांचा नाही. जे कधी आतच येऊ शकले नाहीत, त्यांचा आहे. ज्याच्या घराजवळ विद्यापीठ, ज्याच्या ओळखीचा प्राध्यापक, ज्याला उन्हाळ्यात काम करून घर चालवावे लागत नाही, त्यालाच प्रयोगशाळेचे दार उघडते. मग त्या उघड्या दाराला 'प्रतिभा' असे नाव दिले जाते.

आपल्याकडील चित्र

आपल्या राज्यकर्त्यांनी याच मार्गाची नक्कल चालवली आहे, आणि तीही अर्धवट. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत शाळकरी मुलांकडून कल्पना मागवल्या जातात आणि निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये दिले जातात. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. उपकरणांना आमचा विरोध नाही. त्रिमितीय मुद्रणयंत्र कष्टकऱ्याच्या मुलाच्या हाती पडले तर आम्हाला आनंदच आहे. पण या योजनांची भाषा पाहा: नवोपक्रम, उद्योजक, उत्पादन! मुलाने विकता येईल अशी वस्तू आणावी, अशी अपेक्षा आहे. त्याने प्रश्न आणावा, अशी अपेक्षा कोठेही नाही.

आणि ज्या यंत्रणा प्रश्नाला थोडीफार जागा देत होत्या त्यांचे काय झाले? १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये गुंडाळण्यात आली. १९८९ पासून लोकभाषांतून विज्ञानप्रसार करणारी 'विज्ञान प्रसार' ही संस्था २०२३ मध्ये बंद करण्यात आली. त्याच सुमारास एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग आणि मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण वगळण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमी नागरिकांनी उत्क्रांतीच्या वगळणुकीविरुद्ध पत्रक काढले. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. सरकार मात्र स्वतःला या कर्तव्यातून मुक्त समजते!

शाळेच्या आत काय चालते ते वाचकांना ठाऊक आहे. अकरावीच्या प्रयोगशाळेत साधा लंबक टांगलेला असतो. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ यायला हवे, हे आधीच माहीत असते. ९.१ आले तर विद्यार्थी काय करतो? चूक कोठे झाली ते शोधत नाही. तो जर्नलमधली निरीक्षणे खोडतो आणि ९.८ येईल अशी नवी लिहितो. शिक्षक सही करतात, गुण मिळतात. विज्ञानाच्या तासाला देशभरातील मुलांना खोटी नोंद करण्याचे असे रीतसर शिक्षण दिले जाते. ज्याने ९.१ तसेच ठेवले आणि 'असे का?' म्हणून विचारले, तो त्या वर्गातील पहिला संशोधक. त्याचेच गुण कापले जातात.

पण संशोधन म्हणजे काय?

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. संशोधन म्हटले की पांढरा अंगरखा आणि कोट्यवधींची यंत्रे डोळ्यांसमोर येतात. जे. बी. एस. हाल्डेन यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. लंडनच्या 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट दैनिकाच्या संपादक मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि त्यांनी कामगार वाचकांसाठी शेकडो विज्ञानलेख लिहिले. १९५७ मध्ये ते भारतात आले. गरीब देशातही पहिल्या दर्जाचे जीवशास्त्र करता येते, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी एकाने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. दुसऱ्याने नारळाच्या झाडांवर पानांची मांडणी उजवीकडे वळते की डावीकडे, याची मोजदाद केली. तिसऱ्याने माळावरच्या टिटवीच्या घरट्यावर पाळत ठेवली. यातील एकाही कामाला शाळकरी मुलाच्या आवाक्याबाहेरचे उपकरण लागत नव्हते. चिकाटी, प्रामाणिक नोंद आणि चांगला प्रश्न, एवढेच भांडवल होते. ते कोणत्याही मक्तेदाराच्या तिजोरीत नसते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखातील एखाद्या हायस्कूलने गावातील प्रत्येक विहिरीची पातळी दोरी आणि दगड घेऊन दर आठवड्याला, सलग तीन वर्षे मोजली तर? सरकारी यंत्रणा निवडक विहिरी वर्षातून मोजक्या वेळा पाहते. ती बारीक नोंद त्या मुलांखेरीज जगात कोणाकडेही नसेल. कोणाच्या विंधनविहिरीनंतर कोणाची विहीर आटली, उसाखालच्या शिवारात काय झाले आणि ज्वारीखालच्या शिवारात काय, हे त्या वहीतून बोलू लागेल. हे मौलिक संशोधन नव्हे तर काय आहे? अशा वहीला मोठे बागाइतदार का घाबरतील, हे येथे सांगण्याची गरज नाही.

आपल्यातलाच एक आक्षेप

आता आपल्याच काही साथींच्या म्हणण्याकडे वळू. ते विचारतात, "पोटाला भाकरी नाही, शाळेला मास्तर नाही, मुलींना स्वच्छतागृह नाही, आणि तुम्ही संशोधनाच्या गप्पा मारता? आधी शाळा तरी वाचवा." हे म्हणणे वरवर पाहता क्रांतिकारक वाटते. वस्तुतः त्यात शत्रूची विभागणी मुकाट्याने मान्य केलेली असते: श्रीमंताच्या मुलाला प्रश्न, गरिबाच्या मुलाला पाटीवरची उजळणी.

इतिहास काय सांगतो? जून १९१८ मध्ये, यादवी युद्ध पेटले असताना, भुकेल्या मॉस्कोतील सोकोल्निकी भागात मुलांसाठी निसर्गनिरीक्षणाचे केंद्र उघडण्यात आले. आधी भाकरी, मग कुतूहल, असा हिशेब त्या कठीण वर्षातही कोणी मांडला नाही.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांतून एक कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवीची मुले गटाने प्रयोग करीत, शेतात जात, निष्कर्ष स्वतः काढीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. 'सवालीराम' या काल्पनिक मित्राला ती पत्राने प्रश्न विचारीत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात गेला, १९८२ नंतर 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला आणि अखेरीस सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला. या शाळा सरकारी होत्या, शिक्षक सरकारी होते, मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची होती. तीस वर्षे ते चालले. जुलै २००२ मध्ये तेव्हाच्या काँग्रेस राज्य सरकारने ते बंद केले. गरिबाच्या मुलांना प्रश्न विचारणे झेपत नाही, असे या तीस वर्षांत सिद्ध झाले नव्हते. त्यांना ते झेपते हेच सिद्ध झाले होते.

मुंबईचा दाखलाही असाच आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकाच्या आरंभी महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. उणीव बुद्धीची नव्हती. पाठ्यपुस्तकाची भाषा आणि शिकवण्याची पद्धत हे अडथळे होते. ते दूर करताच मुले पुढे सरकली.

आत्मपरीक्षण

दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते आहे. तिची मूळ कल्पना आपल्या विचाराच्या अगदी जवळची आहे: १० ते १७ वर्षांची मुले, शाळेत न जाणारीही, गटाने, आपल्या भाषेत, आपल्या परिसरातील प्रश्नाचा अभ्यास करतात. लोकविज्ञान चळवळीतील असंख्य कार्यकर्त्यांनी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या. पण आज अनेक ठिकाणी काय दिसते? प्रकल्प शिक्षकाने लिहिलेला, तक्ता बाजारातून रंगवून आणलेला, मुलगी पाठ केलेले म्हणून दाखवणारी. परीक्षक निष्कर्षावर खूश. वही कोणी उघडतही नाही. या घसरणीला सरकारी अनास्था जबाबदार आहे, तसेच आपले दुर्लक्षही आहे. जथे काढताना आपण उत्तरे घेऊन गावात गेलो. गावातील मुलांचे प्रश्न घेऊन परत आलो काय?

याहून कडू धडाही आपण गिळला पाहिजे. ऑगस्ट १९४८ मध्ये सोव्हिएत कृषिविज्ञान अकादमीत लायसेंकोचे मत अधिकृत ठरवण्यात आले आणि आनुवंशिकीच्या अभ्यासकांची तोंडे बंद करण्यात आली. वाविलोवसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ त्यापूर्वीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मरण पावला होता. हाल्डेन पक्षापासून दुरावले त्यातही या प्रकरणाचा वाटा होता. निष्कर्ष आधी ठरवून निरीक्षणे मागाहून जुळवणे हा अपराध कोणत्याही झेंड्याखाली अपराधच असतो. अकरावीच्या जर्नलमधील खोडलेला ९.१ आणि ती अकादमी यांच्यात अंतर फार मोठे आहे. पण रोग एकच आहे. म्हणूनच विहिरींची नोंद करणाऱ्या मुलांना आपण असे सांगता कामा नये की बागाइतदार दोषी आहे, आता पुरावा आणा. पुरावा काय निघतो ते त्यांना पाहू द्या. सत्य कष्टकऱ्यांच्या विरोधात जाईल अशी भीती ज्याला वाटते, त्याचा आपल्या भूमिकेवर पुरेसा विश्वास नाही.

मागण्या आणि कामे

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी आठवड्याला दोन तासिका राखून ठेवा. गुण निष्कर्षाला नव्हे, नोंदवहीच्या प्रामाणिकपणाला द्या. फसलेल्या प्रयोगाचे नीट वर्णन करणाऱ्याला पूर्ण गुण द्या. विज्ञान शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक यांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरा. त्यांना अशैक्षणिक कामांतून मुक्त करा. कोणत्याही शासकीय स्पर्धेत इंग्रजीची अट, उघड वा छुपी, असू नये. जनतेच्या पैशावर चालणारी विद्यापीठे आणि महाविद्यालये यांनी आपली ग्रंथालये व सूक्ष्मदर्शके आठवड्यातून एक दिवस परिसरातील शाळांना खुली करावीत. अन्य राज्यांतील मराठी शाळांना हाच हक्क मिळाला पाहिजे.

पण मागण्यांच्या मंजुरीची वाट पाहत बसू नये. शिक्षक संघटनेतील साथीने आपल्या वर्गापासून आरंभ करावा. किसान सभेच्या शाखेने गावातील शाळेला विहिरींची यादी द्यावी. मुलांनी वर्षअखेर जे शोधले ते ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे आणि त्यावर गावाने त्यांना उलटसुलट प्रश्न विचारावेत. ज्याचे काम गावाच्या प्रश्नांना टिकते, त्याला तज्ज्ञाच्या शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही.

बाजार मुलाला सांगतो: संशोधन कर, म्हणजे तू या गर्दीतून वर निघून जाशील. आपल्याला मुलाला सांगायचे आहे: संशोधन कर, म्हणजे ही गर्दी आपल्या परिस्थितीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू लागेल. त्यासाठी लागणारी दोरी, दगड आणि वही कोणत्याही गावात मिळते. आता त्या वहीत खरे लिहिण्याची मुभा मुलांना मिळवून देणे, हे आपले काम आहे.