चहा : केवळ वर्ज्य की विचार्य?

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात पथ्यापथ्याचा एक छापील कागद असतो. दही, लोणचे, पापड, आंबवलेले पदार्थ, दिवास्वाप, रात्रिजागरण यांच्या ओळीत 'चहा' हा शब्द तेथे हमखास सापडतो. त्यावर फुली मारली की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. रुग्णही मान डोलावतो, कागदाची घडी करून खिशात ठेवतो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा घेतो. ही वस्तुस्थिती आपणा सर्वांस ठाऊक आहे; ठाऊक असूनही आपण ती फुली मारीत आलो आहोत. या फुलीचा फेरविचार व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्याच एका चुकीचे. पांडुरोगाने पीडित अशी एक मध्यमवयीन रुग्णा आमच्याकडे येत होती. नवायस लोह सुरू केले होते. तीन महिने उलटले तरी त्वचेची पांडुता हटेना. रक्ततपासणीत हिमोग्लोबिनचा आकडाही जेमतेम हलला. आम्ही मात्रा बदलली, अग्नीचा विचार केला, कृमींची शंका घेतली. एके दिवशी सोबत आलेल्या सुनेने सहज विचारले, "डॉक्टर, आई गोळ्या चहाबरोबरच घेतात, चालतं ना?" मध व तुपाचे अनुपान आम्ही सांगितले होते, ते आठवडाभरात मागे पडले होते. दिवसातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटे उकळलेला चहा चालू होता. आम्ही विचारले तेव्हा रुग्णा संकोचून म्हणाली, "तुम्ही बंद सांगितला होता, म्हणून बोलले नाही."

दोष तिचा नव्हता. पहिल्याच भेटीत फुली मारून आम्ही तो विषय मिटविला होता. त्यामुळे पुन्हा विचारण्याचे आम्हास कारण उरले नाही आणि तिला सांगण्याचे धैर्य उरले नाही. चहा आणि गोळ्या यांच्या वेळा दूर केल्यानंतर पुढील दोन महिन्यांत तिला उतार पडला. एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चहातील कषाय घटक आहारातील लोहाच्या, विशेषतः शाकाहारातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, ही गोष्ट आधुनिक आहारशास्त्रात आता सर्वमान्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही जेवणापूर्वी व जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. जे आपण रसशास्त्राच्या आधारे रुग्णास समजावून सांगू शकलो असतो, ते आपल्या फुलीने झाकून टाकले.

संहिता मौन आहेत, पद्धती मौन नाही

चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांत चहा नाही, हे खरे. अलीकडच्या काळात त्यास 'श्यामपर्णी' असे संस्कृत नाव मिळाले. परंतु नाव मिळाले म्हणजे गुणकर्मविचार झाला, असे होत नाही. जगात औषध नाही असे एकही द्रव्य नाही, मात्र त्यास युक्ती आणि प्रयोजन हवे, ही चरकांची भूमिका आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी परदेशातून आलेली चोपचिनी आणि परदेशातून आलेला फिरंग रोग या दोहोंना आपल्या ग्रंथात स्थान दिले. नवे द्रव्य दारात आले असता त्यांनी दार लावून घेतले नाही.

चहा तर परदेशीही म्हणता येत नाही. आसामच्या डोंगराळ भागातील सिंगफो लोक ही पाने पूर्वीपासून वापरीत होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस यांना त्या झाडांचा सुगावा लागला आणि १८३९ साली आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. आज आपल्या घरांतून उकळणारा दाणेदार चहा मात्र आणखी अलीकडचा. १९३० साली आसाममध्ये विल्यम मॅकर्चर यांनी पाने चिरडणारे, फाडणारे व वळविणारे यंत्र बनविले. 'सीटीसी' ही अक्षरे त्या तीन क्रियांचीच आहेत. भारतात होणारा बहुतांश चहा आज याच रीतीने तयार होतो आणि एकूण उत्पादनाचा सुमारे ८० टक्के भाग देशातच प्यायला जातो. एवढे द्रव्य रोज पोटात जात असता त्याचे रस-वीर्य-विपाक कोणते, या प्रश्नास वैद्याने 'माहीत नाही, पण वाईट' असे उत्तर देणे शोभत नाही.

आधी चव घ्या

रसाचे ज्ञान जिभेशी द्रव्याचा संबंध येताच होते, विपाकाचे ज्ञान शेवटी घडणाऱ्या कर्मावरून होते, हे आपण जाणतो. मग निदान पहिली पायरी तरी प्रत्यक्ष करावी. चहाच्या व्यापारात चव घेणारे जे तज्ज्ञ असतात, त्यांची रीत आपल्यास उपयोगी पडावी. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा घेऊन तो सहा मिनिटे झाकून ठेवतात व गाळतात. चमचाभर काढा मोठ्याने फुरकून तोंडात घेतात, म्हणजे तो सर्व जिभेवर व टाळ्यावर पसरतो. मग थुंकून टाकतात. दूध नाही, साखर नाही. भिजलेली पानेही हुंगून पाहतात.

आम्ही नेहमीचाच, वाण्याकडचा दाणेदार आसाम चहा घेऊन तीन प्रकारे करून पाहिला. पहिला तीन मिनिटे झाकलेला, दुसरा दहा मिनिटे झाकलेला, तिसरा दहा मिनिटे उकळलेला. पहिल्याचा रंग तांबूस, स्वच्छ. प्रथम किंचित तिक्त, मग जिभेच्या कडांना कषाय, आणि गिळल्यावर मागे थोडी गोडसर चव राहते. दुसऱ्यात कषायता टाळ्यापर्यंत पोहोचली. तिसऱ्यात जीभ जड झाली, तोंड कोरडे पडले, घसा आवळल्यासारखा वाटला. कषाय रसाची संहितेत सांगितलेली लक्षणे, म्हणजे जिभेची जडता व कंठाचा अवरोध, आम्ही विद्यार्थ्यांस पाठ करावयास लावतो; ती पेल्यात अशी समोर उभी राहतील, हे आमच्या लक्षात आले नव्हते. द्रव्य एकच, जल एकच. संस्कार तेवढा बदलला.

वीर्याचा प्रश्न मात्र एवढा सोपा नाही. कषाय व तिक्त रस सामान्यतः शीत मानले आहेत. चहा तर झोप उडवितो आणि अम्लपित्ताच्या रुग्णास छातीत जळजळ आणतो. म्हणून रसावरून वीर्य ठरविण्याची घाई येथे करू नये, आणि 'प्रभाव' म्हणून सुटकाही करून घेऊ नये. हे निरीक्षणाने ठरवावे लागेल.

फांट की क्वाथ?

आमचे मुख्य म्हणणे हे आहे. शार्ङ्गधरांनी फांट आणि क्वाथ या दोन निराळ्या कल्पना सांगितल्या. फांटात ठेचलेल्या द्रव्यावर उष्ण जल घालून गाळावयाचे; क्वाथात सोळापट पाण्यात उकळून आटवावयाचे. पाच कषायकल्पनांत फांट हा सर्वांत लघु. सीटीसी चहाचे दाणे यंत्रातच ठेचले गेलेले असतात; त्यांचा अर्क झपाट्याने उतरतो. म्हणजे हे द्रव्य मुळातच फांटास योग्य, आणि आपण घरोघरी त्याचा क्वाथ करतो. त्यातून येणारी कषायता सोसवेना, म्हणून दूध घालतो. दुधातील प्रथिने कषाय घटकांस बांधतात, त्यामुळे जिभेवरचा आवळ कमी होतो. दुधाने मंदावलेली चव वर आणण्यास साखर वाढवितो. एका चुकीच्या संस्कारावर दुसऱ्या दोन संस्कारांची पट्टी बांधावी, तसे हे आहे. दिवसातून पाच पेले होतात तेव्हा दोन-दोन चमचे साखर म्हणजे दहा चमचे. स्थौल्य व प्रमेहाच्या रुग्णात खरा अपथ्य भाग कोणता, हे निराळे सांगावयास नको.

गांधीजींनी १९४२ साली पुण्यात आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना आरोग्यावर जी पुस्तिका लिहिली, तीत ते चहाच्या विरोधातच आहेत. तरीही ज्यास घ्यावयाचाच आहे त्याने गाळणीतील पानांवर उकळते पाणी ओतून फिक्या रंगाचा घ्यावा, असा मार्ग त्यांनी दाखविला आहे. निषेध करणाऱ्यानेही कृती सांगावी, ही दृष्टी आपण घ्यावी.

म्हणून रुग्णास सांगण्याजोगी कृती अशी : पेलाभर, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर पाण्यास सपाट चमचा चहा. आधण खळखळले की विस्तव बंद करून मग चहा घालावा, झाकावे, तीन मिनिटांनी गाळावे. दूध हवे तर ते निराळे तापवून थोडे घालावे. गाळलेला चोथा पुन्हा उकळू नये. चहा हवाबंद डब्यात, मसाल्याच्या डब्यांपासून दूर ठेवावा. तो परका वास चटकन घेतो. सुटी चहापूड घेतल्यास ओल्या टिपकागदावर चिमूटभर टाकून पाहावी. तत्काळ रंगाचे ओघळ उठले तर कृत्रिम रंगाची शंका घ्यावी.

आक्षेप आणि उत्तर

पहिला आक्षेप असा की, अशाने आपण चहास मान्यता देतो. आम्ही मान्यता देत नाही, मात्रा देतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वरील सूचनांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. अनिद्रा, अम्लपित्त, अर्श, मलावष्टंभ, पांडु आणि गर्भिणी यांत आम्ही चहा बंदच करू किंवा फार कमी करू. परंतु ज्यास तो ओकसात्म्य झाला आहे, त्यास एकाएकी सोडावयास लावणे हे चरकांच्या पादांशिक क्रमाशी विसंगत आहे. सवयीचे अहित चतुर्थांशाने, मध्ये दिवसांचे अंतर ठेवीत सोडावे, असे तेथे सांगितले आहे. एकाएकी चहा सोडल्याने डोके धरते आणि रुग्ण दोष आपल्या औषधास देतो, हा अनुभव कोणास नाही?

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय : त्रिफळाही कषाय आहे, ती नवायसात असतेच; मग चहाच का वाईट? उत्तर असे की, त्रिफळा तेथे ठरलेल्या प्रमाणात, कल्पाचा भाग म्हणून येते. चहा हे कोणी न सांगितलेले अनुपान आहे. त्याची मात्रा, काल व घनता वैद्यास ठाऊकच नसते.

संघटनेस विनंती

छापील कागदावरील फुली काढून तेथे चार प्रश्न छापावेत : दिवसात किती पेले? किती वेळ उकळलेला? जेवणापासून व औषधापासून किती अंतराने? साखर किती? यास दोन मिनिटे लागतात. या नोंदी वर्षभर ठेवल्या आणि त्या याच त्रैमासिकातून मांडल्या, तर चहाचा गुणकर्मविचार करण्यास आपल्यास स्वतःचे काही साहित्य मिळेल.

शेवटी एक कबुली. संघटनेच्या प्रत्येक परिसंवादात सकाळच्या सत्रानंतर चहापान असते, आणि त्या रांगेत आम्ही मागे राहिल्याचे स्मरत नाही. जे आपण स्वतः पितो, त्याविषयी रुग्णाने आपल्याशी खोटे बोलावे, अशी व्यवस्था आपण निर्माण केली आहे. रुग्णाने वैद्यापासून काही लपवू नये, असे आपण म्हणतो. लपविण्याची गरज पडू नये, हे आपल्या हाती आहे.