नंबर लावायचा तरी कुठे?

मंगळवारी, १६ ऑगस्ट २०२२ला, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि आम्हाला हव्या असलेल्या गाडीवरची ७,५०० डॉलरची करसवलत त्याच दिवशी गेली. त्या कायद्याने उत्तर अमेरिकेत जुळणी झालेल्या गाड्यांनाच सवलत ठेवली. आम्हाला हवी ती टोयोटाची रॅव्ह-फोर प्राइम यायची जपानहून. सहीच्या आधी खरेदीचा पक्का लेखी करार केलेल्यांची सवलत मात्र टिकली. आमच्याकडे करार नाही. तो का नाही, याचाच मला संताप आहे.

ही प्लग-इन हायब्रिड. घरच्या साध्या सॉकेटला रात्रभर लावली की ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर, विजेवर जाते, पुढे पेट्रोल. न्यू जर्सीतलं आमचं मेट्रोपार्क स्टेशन, वाणसामान, मुलीचा नाचाचा क्लास हे सगळं विजेवर भागेल, आणि बॉस्टनला जाताना चार्जर शोधावा लागणार नाही. आमची कॅम्री आता सारखी रडगाणं गाते. तिच्या जागी हीच हवी.

गाड्यांचा तुटवडा खरा होता. २०२०च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, चिपवाले फोन-लॅपटॉपकडे वळले, मार्च २०२१मध्ये जपानात रेनेसास या चिप-कंपनीच्या कारखान्याला आग लागली. हे मी समजून घेते.

पण शोरूममध्ये काय दिसलं? गाडीच्या काचेवर दोन कागद. एक कंपनीचा, १९५८च्या कायद्याने सक्तीचा, किंमत छापलेला. शेजारी डीलरचा: ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट, १०,००० डॉलर’. त्याखाली टायरमध्ये नायट्रोजन भरल्याचे वेगळे पैसे. आपल्याकडे भारतात बिस्किटाच्या पुड्यावरही छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही; इथे गाडीची छापील किंमत म्हणजे कंपनीची नुसती शिफारस. आम्ही म्हटलं, पुढच्या गाडीसाठी आगाऊ पैसे घ्या, छापील किमतीला लिहून द्या, थांबतो. “गाडी आल्यावर बघू.” यादी आहे का? नाही. आमच्या आधी कितीजण? सांगता येत नाही. जो जास्त देईल, त्याची गाडी.

पूर्वी भारतात बाबांनी बजाज चेतक स्कूटरला नंबर लावला होता. कारखाना आकुर्डीला, आम्ही पुण्यात, आणि तरी वर्षानुवर्षं थांबायचं. परदेशातून डॉलर पाठवणारा कुणी असला की स्कूटर लवकर मिळायची. आमचं तसं कुणी नव्हतं. वरचे पैसे घेऊन नंबर विकणारेही होते. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही, आईने बसच्या रांगेत फार उन्हं झेलली. पण बाबांच्या कपाटात अनामतीची पावती होती, तिच्यावर नंबर होता, आणि मधूनमधून डीलरकडे जाऊन “कुठवर आलंय?” असं विचारायचा त्यांना हक्क होता. डीलरला उत्तर द्यावं लागायचं. एका साध्या नोकरदाराची त्यामुळे केवढी पत राहत होती, हे मला आत्ता कळतंय. स्कूटर आली तेव्हा त्यांनी हार घातला, पेढे वाटले आणि पहिली फेरी आईला दिली.

शेवटी परवा पेनसिल्व्हेनियातल्या एका डीलरने छापील किमतीला नाव घेतलं. वहीत लिहिलं, नंबर सांगितला, पावती दिली. गाडी कधी येईल ते त्यालाही माहीत नाही. सवलतीविना ती परवडते का, हा हिशेब अजून व्हायचाय. तुमच्या भागात असा डीलर असेल तर जरूर कळवा; नाचाच्या क्लासमधल्या आणखी दोन घरांना हीच गाडी हवी आहे.