गृहकारभार : गच्चीवरील ऊन आणि घरांतील दिवे

फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर केली. तेव्हांपासून गच्चीवर विजेचीं पॅनेलें बसवावीं कीं नाहीं, हा विषय पुष्कळ घरीं जेवणाच्या पंगतींत निघूं लागला आहे. शेजाऱ्यांचें बिल शून्यावर आलें, एवढें कानीं पडतांच मंडळी ठेकेदारास बोलावूं पाहतात. त्यापूर्वीं घरांतील वडिलधाऱ्यांनीं व गृहिणींनीं एकत्र बसून कांहीं गोष्टींचा विचार करणें अगत्याचें आहे. त्यांपैकीं कांहीं गोष्टी विजेच्या आहेत आणि कांहीं भाऊबंदकीच्या.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काचेच्या नळ्यांच्या ज्या सौरबंबांतून स्नानाचें ऊन पाणी मिळतें, तो निराळा. तो उन्हाची उष्णता पाण्यास देतो. वीज उत्पन्न करीत नाहीं. पॅनेलांस हवा असतो तो प्रकाश. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला कीं वीज वाहूं लागते. अशी पहिली कामास येण्याजोगी चकती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं दाखविली. ती अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ६ इतक्याच भागाची वीज करी. आजचीं पॅनेलें शेंकडा २० किंवा त्याहूनहि अधिक करितात. उष्णता मात्र त्यांस मानवत नाहीं. पॅनेल तापलें कीं वीज घटते. त्यामुळें वैशाखांतील रणरणत्या दुपारींहि तें आपलें पुरें सामर्थ्य दाखवीत नाहीं.

एक किलोवॅटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरीनें ४ युनिटें, म्हणजे महिन्याला सुमारें १२० युनिटें देतो. आषाढ-श्रावणांत कमी, फाल्गुन-चैत्रांत अधिक. त्यास जवळजवळ १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. आपल्या घरास केवढा संच हवा, हें ठेकेदारास न विचारतां मागील बारा महिन्यांचीं बिलें काढून पाहावीं. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून ठरविलें तर संच वाजवीपेक्षां मोठा होतो, आणि एकट्या जानेवारीच्या बिलावरून ठरविलें तर लहान. महिन्याला साडेतीनशें युनिटांचा खप असलेल्या घरास ३ किलोवॅट पुरतात. सरकारी साहाय्य पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, असें एकूण ७८,००० रुपये मिळतें. त्यापुढील किलोवॅटास कांहीं नाहीं. हें साहाय्य भारतांत बनलेल्या पॅनेलांसच मिळतें, आणि तें काम पुरें होऊन तपासणी झाल्यावर बँकेंत जमा होतें. ‘फुकट बसवून देतों’ असें कोणी दारीं येऊन सांगूं लागल्यास त्यास चहा पाजून परत पाठवावें.

बिलें चाळतां चाळतां आणखी एक हिशेब करावा. दोन किलोवॅटचा गीझर तासभर चालला कीं दोन युनिटें गेलीं. म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्या पॅनेलाची दिवसभराची मिळकत एकट्याच्या स्नानाच्या आळसांत सरली. जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या बीएलडीसी जातीचा ३० ते ३५. ज्या घरांत दहा पंखे फिरतात, तेथें आधीं पंखे बदलावे व मग पॅनेलें घ्यावीं. संच लहान पुरेल.

दुपारीं घर बहुधा रिकामें असतें. त्या वेळची वीज तारेवाटें वीज कंपनीकडे जाते व रात्रीं वळती होते. हा जमाखर्च नेट मीटर लिहितो. शिलकी युनिटें पुढील महिन्यांत ओढलीं जातात, पण वर्षअखेर जीं उरतील त्यांचा मोबदला अल्प दरानें मिळतो. सबब खपाहून मोठा संच बसवून विजेचा व्यापार करूं पाहणें व्यर्थ होय.

बाहेरची वीज गेली म्हणजे बॅटरी नसलेला संच त्याच क्षणीं बंद पडतो, मग ऊन कितीहि लख्ख असो. खांबावर चढलेल्या तारवाल्याच्या जिवास आपल्या गच्चीवरून अपाय होऊं नये, म्हणून ही योजना मुद्दाम केलेली असते. घरांत आजारी माणसाचें प्राणवायूचें यंत्र असेल, तर बॅटरीची तजवीज निराळी करावी. पॅनेलांच्या भरंवशावर राहूं नये.

आतां भाऊबंदकीची गोष्ट. पुष्कळ घरीं गच्ची एक, चुली दोन आणि मीटर तीन, अशी स्थिति असते. पॅनेलें ज्या मीटरास जोडलीं, त्याचेंच बिल उतरतें. थोरल्यांच्या मीटरास जोड दिली आणि धाकट्यांनीं गच्चीचा आपला वांटा सोडला, तर पहिल्या वर्षीं कोणी बोलत नाहीं. तिसऱ्या वर्षीं जावाजावांत बोलणें निघतें. पॅनेलें पंचवीस वर्षांच्या हमीचीं असतात, इन्व्हर्टर मात्र बहुधा मध्येंच एकदां बदलावा लागतो. तेवढ्या काळांत गच्ची गळेल, वर मजला चढवावा असें कोणाच्या मनांत येईल, कदाचित् वांटण्याहि होतील. पैसे कोणीं किती घातले, बिलांतील बचत कशी वांटावयाची, इन्व्हर्टरचा खर्च कोणाकडे, गच्ची दुरुस्त करतांना पॅनेलें उतरविण्याचा भार कोणावर, हें वडील मंडळी हयात असतांनाच एका कागदावर लिहून सर्वांनीं सह्या कराव्या. यांत अविश्वास मानूं नये. गळती असेल तर तीहि आधींच काढावी.

जागा निवडतांना पाण्याच्या टाकीची व नारळाची सावली दिवसभर पाहावी. एका पॅनेलावर सावली पडली कीं ओळींतील इतरांचीहि वीज घटूं शकते. तोंड दक्षिणेकडे असावें. पापड-कुरडयांची जागा प्रथमच राखून ठेवावी. सांगाडा उंच करून खालून वावरतां येतें खरें, पण त्या सावलींत वाळवण वाळत नाहीं, आणि उंच सांगाड्यास वाऱ्याचा मारा सोसण्याइतकी मजबुती हवी.

धूळ बसली कीं पॅनेलें सकाळीं थंड असतांना साध्या पाण्यानें व मऊ फडक्यानें पुसावीं. भर दुपारीं तापलेल्या काचेवर गार पाणी ओतूं नये, तडा जाण्याचें भय असतें. बोअरचें जड पाणीहि टाळावें. त्याचे पांढरे डाग मागाहून निघतां निघत नाहींत.