रुसलेली काच

बालमित्रांनो,

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. दादाच्या जुन्या गाडीतून आम्ही चिपळूणला बाजाराला गेलो होतो. मागच्या सीटवर माझी पाच वर्षांची भाची, छकुली. परतताना धो धो पाऊस सुरू झाला. बटणं दाबताच तीन काचा वर गेल्या. छकुलीच्या बाजूची मात्र जागची हलेना! दादानं आपल्या दारावरचं बटण दाबून पाहिलं. छे! "आत्या, काच रुसली गं!" म्हणेपर्यंत छकुली चिंब. शेवटी खिडकीला छत्री लावून घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सांगितलं, "आतली मोटार जळली. नवीन टाका." दादाचा चेहरा पडला. तेवढ्यात शेजारचे वायरमन काका आले. म्हणाले, "जळली कशावरून? आधी बघू तरी!"

मुलांनो, काच वर-खाली करायला दाराच्या आत एक छोटी मोटार असते. पण एकच मोटार दोन्हीकडे कशी फिरते? खेळण्यातली मोटार आणि दीड व्होल्टचा सेल घ्या. वायरी सेलला लावा. मोटार फिरेल. आता वायरींची अदलाबदल करा. मोटार उलटी फिरेल! दारावरचं बटण हेच काम करतं. बॅटरीची १२ व्होल्टची वीज ते कधी या बाजूनं पाठवतं, तर कधी त्या बाजूनं.

काकांनी तपास सुरू केला. आमच्या गाडीत चारही काचांना एकच फ्यूज आहे. तीन काचा चालत होत्या, म्हणजे फ्यूज ठीक. मग बटण दाबून त्यांनी दाराला कान लावला. मोटारीची घरघर आली असती आणि काच हलली नसती, तर काच ओढणारी तार तुटली असावी. पण आत सगळं चिडीचूप. म्हणजे एक तर मोटार बिघडली, नाहीतर तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही. मग काकांनी दुसऱ्या मागच्या दाराचं तसंच बटण काढून इथे जोडलं आणि दाबलं. सर्रर्र! काच वर! मोटार ठणठणीत होती. दोषी होतं ते बटण. दादाच्या बटणाकडून येणारी वीजही याच बटणातून पुढे जाते, म्हणून त्याचंही काही चाललं नव्हतं.

बॅटरीची वायर सोडवून काकांनी ते बटण ताटात ठेवून उघडलं. ताटात का? आतली इवलीशी स्प्रिंग टुणकन उडते म्हणून! तरी ती उडालीच. छकुलीनं ती चपलांखालून शोधून आणली. आत तांब्याच्या पट्ट्या होत्या. दर वेळी बटण दाबताना बारीकशी ठिणगी पडते, तिची काजळी साठली होती. शिवाय उघड्या खिडकीतून पाणी जाऊन हिरवा थर चढला होता. त्यातून वीज जाणार कशी? काकांनी छकुलीचा खोडरबर मागितला आणि पट्ट्या हलक्या हातानं घासल्या. पॉलिश पेपरनं खरवडलं तर वरचा मुलामा जातो. मग विजेची जोडणी साफ करायचा फवारा मारला. काम झालं! पट्ट्या झिजल्या असत्या, तर तेवढ्याच पिनांचं, तशाच जोडणीचं बटण आणावं लागलं असतं. पण मोटार नव्हे!

छकुली टाळ्या पिटत सीटवर गुडघे टेकून खिडकीतून डोकावली. काका एकदम ओरडले, "उतर खाली!" आम्ही दचकलो. काकांनी खिडकीत एक केळं धरलं आणि बटण दाबलं. केळ्याचा पार लगदा झाला. कुणी काही बोललं नाही. जुन्या गाड्यांतली काच केळं ओळखत नाही आणि बोटही ओळखत नाही. गुडघा चुकून बटणावर पडला तरी ती वर येते. नव्या कित्येक गाड्यांत अडथळा आला की काच मागे फिरते. पण त्यावर विसंबून डोकं बाहेर काढायचं नाही.

त्या दिवसापासून दादा दोन गोष्टी न चुकता करतो. मागे मुलं असली की आपल्या दारावरचं काचांचं लॉक दाबतो आणि उतरताना किल्ली बरोबर घेतो. आई-बाबांनो, तुमच्या गाडीत ते लॉक कुठे आहे, आजच बघून ठेवा.

मित्रांनो, सेलचा प्रयोग जरूर करा. पण घरातल्या प्लगला हात लावायचा नाही आणि गाडीचं बटण मोठ्यांशिवाय उघडायचं नाही. आणि घरात एखादी वस्तू बंद पडली की "नवीन आणा" म्हणण्याआधी वायरमन काकांसारखं विचारा, "कशावरून?" विचाराल ना?

तुमच्या,
बाई